तेल-रॉयल्टीचा हिशेब सांभाळणारी सेवा: घ्यावी का, आणि कशासाठी?

टेक्सासमध्ये खासगी जमिनीखालच्या तेलाचा आणि वायूचा मालक बहुधा सरकार नसून एखादी व्यक्ती किंवा कुटुंब असते. १८६६च्या राज्यघटनेने खनिजांवरचा शासनाचा दावा सोडून तो जमीनमालकांच्या हवाली केला आणि तेव्हापासून हा हक्क जमिनीसोबत किंवा जमिनीपासून तोडून विकला, वाटला आणि वारशाने दिला जात आहे. एका शेताचा पृष्ठभाग एकाच्या नावावर, खालचे तेल तिघांच्या नावावर आणि त्या तिघांपैकी दोघांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या काउंटी क्लार्कच्या दप्तरात पावलोपावली आढळते. खनिज तेल शासनाचेच असते ही धारणा भारतातून सोबत आणलेल्या कुटुंबाच्या हाती असा हक्क आला, की तो सांभाळायचा कोणी हा प्रश्न उभा राहतो. शुल्क घेऊन हे काम करणाऱ्या संस्था तेथे आहेत आणि त्यांपैकी एका संस्थेच्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण तिचे बहुतेक दोष तिच्या माणसांमुळे नसून या धंद्यात शुल्क ज्या पद्धतीने आकारले जाते त्या पद्धतीमुळे आहेत.

दक्षिण टेक्सासमधील ईगल फोर्ड या तेल-वायूच्या पट्ट्यात आमच्या कुटुंबाची ८० एकर जमीन असून तिच्याखालच्या खनिजांचा अर्धा हक्क आमच्याकडे आहे. उरलेला अर्धा पूर्वीच्या मालकाने विक्रीच्या वेळी स्वतःकडे राखून ठेवला होता. हिशेबाच्या भाषेत आमच्याकडे ४० निव्वळ खनिज एकर आहेत आणि रॉयल्टीच्या प्रत्येक कागदावर हाच आकडा चालतो. संस्थेने तीन कामे पत्करली होती: तेल कंपनीशी भाडेपट्ट्याच्या अटी ठरवणे, कंपनीकडून येणारी डिव्हिजन ऑर्डर, म्हणजे मालकाचा हिस्सा नमूद करणारा कागद, तपासणे आणि दरमहा येणाऱ्या रकमेचा ताळा करून हिशेब पाठवणे. यांपैकी शेवटची दोन कामे तिने चोख केली. पहिले काम, ज्यावर पुढच्या अनेक वर्षांचे उत्पन्न अवलंबून असते, तिच्याकडे सोपवू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

भाडेपट्ट्याची सुरुवात लँडमनपासून होते. तो कंपनीच्या वतीने दप्तरे चाळून मालक शोधतो, पत्र पाठवतो आणि सोबत एक छापील करारनामा जोडतो, ज्याच्या माथ्यावर बहुधा ‘प्रोड्यूसर्स ८८’ असे लिहिलेले असते. या शीर्षकामुळे तो राज्यभर चालणारा एकच प्रमाण नमुना आहे असा समज होतो. प्रत्यक्षात या नावाचे असंख्य करारनामे फिरत असतात, प्रत्येकाची कलमे वेगळी असतात आणि ती कंपनीच्या वकिलांनी कंपनीसाठी लिहिलेली असतात. त्यात बोनस असतो, म्हणजे सही करताना दर एकरामागे एकदाच मिळणारी रक्कम. प्राथमिक मुदत असते, जी बहुधा तीन वर्षांची आणि कंपनीच्या इच्छेने आणखी दोन वर्षे वाढवता येणारी असते. आणि रॉयल्टी असते, म्हणजे उत्पादनातला मालकाचा हिस्सा. प्राथमिक मुदतीत विहीर खणून उत्पादन सुरू झाले, तर फायदेशीर प्रमाणात तेल किंवा वायू निघत राहील तोपर्यंत करार जिवंत राहतो. हा काळ काही दशकांचाही असू शकतो आणि त्यात एकही कलम बदलून मिळत नाही.

संस्थेने आमच्यासाठी आसपासच्या करारांतील बोनसचे दर गोळा करून एक नेटका तक्ता तयार केला आणि कंपनीकडून बोनस वाढवूनही घेतला. मात्र या संस्थेचे शुल्क जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेच्या टक्केवारीत असते आणि त्या रकमेत बोनसही धरला जातो. बोनस लगेच मिळतो, रॉयल्टी मिळेल की नाही हे विहिरीवर अवलंबून असते. त्यामुळे बोनस वाढवून लवकर सही करून घेण्यात संस्थेचे हित असते, तर एखाद्या कलमासाठी महिनोन्महिने अडून बसण्यात तिला काहीच मिळत नाही. यात कोणाचा अप्रामाणिकपणा आहे असे मी म्हणत नाही. पण मोबदला ज्या बाजूला असतो त्या बाजूला काम झुकते, हे सही करण्यापूर्वी ओळखायला हवे.

दोन्हींची तुलना आकड्यांत केलेली बरी. एकेकाळी रॉयल्टीचा सर्वत्र प्रचलित दर एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के होता. आज टेक्सासच्या उत्पादक पट्ट्यांत तीन सोळांश, एक पंचमांश आणि चांगल्या जागी एक चतुर्थांशपर्यंतही दर मिळतो. समजा आपले ४० एकर ६४० एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे विहिरीसाठी अनेक मालकांच्या जमिनी एकत्र जोडून केलेल्या क्षेत्रात, सामील झाले आहेत. रॉयल्टी एक चतुर्थांश असेल, तर ४० भागिले ६४० आणि त्याला ०.२५ने गुणले की ०.०१५६२५०० हा दशांश हिस्सा निघतो. तीन सोळांश असेल तर तो ०.०११७१८७५ होतो. एका महिन्यात १०,००० बॅरल तेल ७० डॉलर भावाने विकले गेले, तर एकूण विक्री ७,००,००० डॉलरची होते. पहिल्या हिश्श्याने १०,९३७.५० डॉलर मिळतात, दुसऱ्याने ८,२०३.१३ डॉलर. फरक दरमहा सुमारे २,७३४ डॉलरचा आहे. रॉयल्टी कमी स्वीकारण्याच्या बदल्यात एकरी ५०० डॉलर जादा बोनस मिळाला, तर ४० एकरांचे २०,००० डॉलर होतात आणि याच गतीने उत्पादन चालले तर आठव्या महिन्यात ही रक्कम मागे पडते. शेल या घट्ट खडकातील विहिरींचे उत्पादन पहिल्याच वर्षात झपाट्याने उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक काळ लागेल. आणि विहीर खणलीच गेली नाही, तर बोनस हेच एकमेव उत्पन्न ठरेल. तरीही जिथे शेजारी विहिरी चालू आहेत तिथे हा सौदा रॉयल्टीच्या बाजूनेच बघावा लागतो.

दराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व रॉयल्टी कशावर मोजायची या प्रश्नाला आहे. तेल किंवा वायू विहिरीच्या तोंडाशी निघतो तेव्हा तो विकण्याच्या अवस्थेत क्वचितच असतो. वायू गोळा करावा लागतो, दाबावा लागतो, त्यातले पाणी आणि द्रवरूप घटक काढावे लागतात आणि पाइपलाइनने वाहून न्यावा लागतो. हे पोस्ट-प्रॉडक्शन खर्च कोणी सोसायचे, यावरून टेक्सासच्या न्यायालयांत अनेक दशके वाद झाले आहेत. करारात रॉयल्टी ‘विहिरीच्या तोंडाशी असलेल्या बाजारभावावर’ मोजायची असे लिहिले असेल, तर पुढच्या विक्रीच्या भावातून हे खर्च वजा करूनच तो भाव काढला जातो. १९९६ साली हेरिटेज रिसोर्सेस विरुद्ध नेशन्सबँक या खटल्यात मालकांच्या करारात कोणतीही कपात करू नये असे शब्द होते. तरी मोजणीची जागा विहिरीचे तोंड ठरवलेली असल्यामुळे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द निरर्थक मानले. पुढे २०२१मध्ये ब्लूस्टोन कंपनीच्या खटल्यात मात्र मालक जिंकले, कारण करारनाम्याला जोडलेल्या पुरवणीत रॉयल्टी मिळालेल्या एकूण किमतीवर मोजावी असे लिहिले होते आणि छापील मजकुराशी विसंगती आल्यास पुरवणी ग्राह्य धरावी असेही नमूद केले होते.

म्हणजे ‘कपात करू नये’ एवढे लिहून घेणे पुरत नाही. मोजणीची जागाच बदलून घ्यावी लागते. संस्थेने आमच्यापुढे ठेवलेल्या मसुद्यात नेमके ते जुन्या धर्तीचे वाक्य होते आणि त्यावर ‘मालकाच्या हिताचे कलम समाविष्ट’ असा शेराही होता. तासाप्रमाणे शुल्क घेणाऱ्या तेल-वायू विषयातील वकिलाला तो दाखवल्यावर त्यांनी एक छोटी पुरवणी लिहून दिली: रॉयल्टी पहिल्या तटस्थ खरेदीदाराकडून मिळालेल्या एकूण रकमेवर मोजावी, कंपनीच्याच उपकंपनीला केलेली विक्री त्यासाठी धरू नये आणि पुरवणी छापील मजकुरावर वरचढ राहावी. त्याच पुरवणीत त्यांनी प्यू कलमही घातले. लुइझियानातील प्यू नावाच्या वकिलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलमामुळे जमिनीचा एक तुकडा युनिटमध्ये गेला म्हणून उरलेली सगळी जमीन कंपनीकडे अडकून पडत नाही. प्राथमिक मुदत संपली की युनिटबाहेरचा भाग मोकळा होतो. क्षैतिज स्वरूपातले प्यू कलम घेतल्यास विहीर पोहोचली त्या थराखालचे थरही मोकळे होतात, आणि ईगल फोर्डसारख्या एकावर एक तेलथर असलेल्या पट्ट्यात त्याची किंमत मोठी असते. वकिलाचे एकूण बिल बोनसवरील संस्थेच्या टक्केवारीपेक्षा कमी आले.

डिव्हिजन ऑर्डरच्या टप्प्यावर मात्र संस्था उपयोगी पडली. विहिरीतून विक्री सुरू झाली, की कंपनी प्रत्येक मालकाला त्याचा दशांश हिस्सा आठ अंकांपर्यंत लिहिलेला कागद पाठवते आणि त्यावर सही झाल्याशिवाय पैसे देण्यास नकार देऊ शकते. टेक्सासच्या कायद्यानुसार या कागदाने मूळ करार बदलत नाही. तरी हिस्सा चुकीचा लिहिला गेला असेल आणि मालकाने सही केली असेल, तर त्यानुसार झालेल्या वाटपाबद्दल कंपनीला जाब विचारणे अवघड होते. संस्थेच्या विश्लेषकाने युनिटच्या नोंदवलेल्या घोषणेतील क्षेत्रफळ काढले, आमचे एकर आणि रॉयल्टीचा दर घालून आकडा स्वतंत्रपणे मांडला, आणि कंपनीने युनिटचे क्षेत्र दुरुस्त करूनही एका विहिरीसाठी जुनेच क्षेत्र वापरल्याचे दाखवून दिले. फरक पाचव्या दशांश स्थानावर होता. प्रत्येक महिन्याच्या प्रत्येक बॅरलवर तो लागू होणार असल्यामुळे तो दुरुस्त करून घेणे आवश्यकच होते.

दरमहा येणारा हिशेबाचा कागद हा या संपूर्ण व्यवहाराचा सर्वांत रुक्ष भाग आहे आणि संस्थेचे खरे मोल तिथेच कळते. कंपनी त्यावर विहीर किंवा लीज (भाडेपट्ट्याखालचे क्षेत्र), उत्पादनाचा महिना, तेल आहे की वायू की द्रवरूप घटक, प्रमाण, भाव, एकूण किंमत, उत्पादन कर, इतर कपाती आणि मालकाचा हिस्सा अशा रकान्यांत माहिती देते. उत्पादन कर राज्याचा असतो, तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के, वरच्या उदाहरणातील १०,९३७.५० डॉलरमधून त्याचेच ५०३.१३ डॉलर जातात आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नसते. तक्रारीला जागा असते ती त्यानंतरच्या रकान्यात. एकाच महिन्याच्या वायूच्या एकाहून अधिक ओळी असतात, कारण विहिरीतून निघालेला वायू प्रक्रियेनंतर उरलेला वायू आणि वेगळे काढलेले द्रव यांत विभागला जातो. त्याखाली मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्या उणे चिन्हासह येतात आणि पुन्हा अधिक चिन्हासह नव्याने लिहिल्या जातात. वाणसामानाच्या वहीत जशी खाडाखोड करून बेरीज पुन्हा मांडलेली असते, तसेच हे चालते, फक्त येथे पाने अधिक असतात.

संस्थेने या ओळींचा ताळा रेलरोड कमिशनकडे नोंदवलेल्या उत्पादनाशी घातला. १८९१ साली रेल्वेच्या नियमनासाठी स्थापन झालेल्या आणि आता रेल्वेशी काहीही संबंध न उरलेल्या या आयोगाकडे टेक्सासच्या तेल-वायू उत्पादनाची माहिती सार्वजनिक असते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. मात्र टेक्सासमध्ये तेलाचे उत्पादन विहिरीनुसार नव्हे तर लीजनुसार नोंदवले जाते, वायूचे मात्र विहिरीनुसार. त्यामुळे एका लीजवर अनेक तेलविहिरी असतील तर प्रत्येकीचा वाटा निश्चित करण्यासाठी कंपनीकडून वाटपाचा तक्ता मागवावा लागतो. घरी बसून हे करणाऱ्याला हा तक्ता सहजी मिळत नाही. संस्थेच्या पत्राला कंपनीच्या मालक-संपर्क विभागाने दाद दिली.

हे वाचन नियमित का झाले पाहिजे, याचे उत्तर मुदतीच्या कायद्यात आहे. कमी रॉयल्टी मिळाल्याचा दावा टेक्सासमध्ये चार वर्षांच्या आत करावा लागतो. २०११ साली शेल ऑइल विरुद्ध रॉस या खटल्यात कंपनीने खरी माहिती लपवली असा मालकांचा युक्तिवाद होता. वाजवी दक्षता घेतली असती तर उपलब्ध माहितीवरून तफावत कळली असती, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुदतीची सवलत नाकारली. कागद फायलीत घालून ठेवणाऱ्या मालकाला कायदा मदत करत नाही.

रक्कम वेळेवर मिळण्याबद्दलही नियम आहे. करारात वेगळी मुदत नसेल, तर पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांत पहिली रक्कम द्यावी लागते; त्यानंतर तेलाची रक्कम विक्रीचा महिना संपल्यापासून ६० दिवसांत आणि वायूची ९० दिवसांत. उशीर झाल्यास कंपनीने व्याज देणे बंधनकारक असते. मालकीबद्दल वाद असल्यास मात्र कंपनी व्याजाशिवाय रक्कम रोखून ठेवू शकते. आमची पहिली रक्कम मुदतीनंतर आली तेव्हा संस्थेने आम्ही न सांगताच व्याजाची मागणी केली आणि ते मिळवले. रक्कम मोठी नव्हती, पण बहुतेक मालकांना असे व्याज मागता येते हेच ठाऊक नसते आणि कंपन्या ते आपण होऊन देतातच असे नाही.

आता उणिवा. संस्थेचा मासिक अहवाल दिसायला देखणा असला तरी त्यात प्रत्येक विहिरीसाठी केवळ निव्वळ रकमेची एकच ओळ असते. कपातींचा रकाना पाहायचा असेल तर कंपनीचा मूळ कागद वेगळा मागवावा लागतो. ज्या सेवेचे काम कपातींवर नजर ठेवण्याचे आहे तिने ग्राहकाला कपातीच दाखवू नयेत, हे मला अजूनही समजलेले नाही. शुल्क मोजताना मात्र निव्वळ रक्कम न धरता उत्पादन करासह एकूण रक्कम धरली जाते. याचा अर्थ राज्याला गेलेल्या पैशांवरही मालक संस्थेला टक्केवारी देतो. करारात हे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे फसवणूक म्हणता येणार नाही. पण वाटाघाट करताना हा मुद्दा अवश्य काढावा. मागणी केल्यावर आमच्या बाबतीत तो बदलून मिळाला.

करांबाबत संस्थेची मदत वर्षअखेरीच्या एका सारांशापुरती असते. रॉयल्टी केंद्रीय आयकरात साधारण उत्पन्न म्हणून धरली जाते आणि तिच्यावर सर्वसाधारणपणे १५ टक्के डिप्लीशनची वजावट मिळते, कारण साठा हळूहळू संपत असतो. बोनसवर ही टक्केवारीची वजावट लागू होत नाही. टेक्सासला स्वतःचा आयकर नाही, पण उत्पादन सुरू झाले की काउंटीच्या मूल्यांकन विभागाने ठरवलेल्या मूल्यावर खनिज हिश्श्याचा स्थानिक मालमत्ता कर आकारला जातो आणि त्याचे बिल थेट मालकाच्या पत्त्यावर येते. विहिरीचे उत्पादन घटूनही मूल्यांकन चढे राहिले तर हरकत घेता येते. हे काम संस्था करत नाही, स्वतःलाच करावे लागते.

एकच विहीर आणि छोटा हिस्सा असेल, तर ही सेवा घेण्याचे कारण मला दिसत नाही. कंपनीचा कागद आणि आयोगाची नोंद शेजारी ठेवून वाचण्याची सवय वर्षभरात लागते. अनेक युनिटांत विखुरलेला हिस्सा, वेगवेगळ्या ऑपरेटरांकडून, म्हणजे विहिरी चालवणाऱ्या कंपन्यांकडून, येणाऱ्या रकमा किंवा परदेशात राहणारे वारस असतील, तर केवळ मासिक ताळ्यापुरती ही सेवा घ्यावी. भाडेपट्टा वकिलाकडून तपासून घ्यावा आणि बोनसची रक्कम संस्थेच्या शुल्कातून वगळण्याची अट पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.

सेवा सोडण्याची अटही तेवढीच काळजीपूर्वक वाचावी. या व्यवस्थेत रॉयल्टी आधी संस्थेच्या खात्यात जाते आणि तेथून मालकाकडे येते. सेवा बंद केल्यावर प्रत्येक ऑपरेटरला नवा पत्ता आणि नवे खाते स्वतंत्रपणे कळवावे लागते, आणि जो ऑपरेटर राहून जातो त्याची रक्कम जुन्याच वाटेने जात राहते किंवा परत येऊन निलंबित खात्यात पडते. टेक्सासमध्ये अशा बेवारस खनिज रकमा तीन वर्षांनी राज्याच्या कंप्ट्रोलरकडे, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याकडे, जमा होतात. त्या नावाने शोधून परत मागता येतात, मात्र त्यासाठी मालकीचे पुरावे नव्याने सादर करावे लागतात. म्हणून करार संपवण्यापूर्वी संस्थेकडून सर्व ऑपरेटरांची यादी, प्रत्येकाकडील मालक क्रमांक आणि चालू डिव्हिजन ऑर्डरींच्या प्रती घ्याव्यात, आणि प्रत्येक ऑपरेटरकडून बदलाची लेखी पोच आल्यावरच संस्थेचे खाते बंद करावे.